पाटी रंगवण्याआधी: घरगुती निवासाच्या मेलवरचा स्पॅम कसा आवरायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरजवळ तुमचं पाच खोल्यांचं घरगुती निवास आहे. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावर, ‘इन्फो@’ असा पत्ता आहे, तिथली मेल जीमेलवर फॉरवर्ड होते आणि तुम्ही ती फोनवर बघता. रोज शे-सव्वाशे स्पॅम येतो. अनसबस्क्राइब केलं की आणखी वाढतो असं भाचा म्हणतो, वेबसाइटवाला म्हणतो बिनधास्त करा. गेल्या महिन्यात वेबसाइटच्या फॉर्मवरून आलेली एका कुटुंबाची चौकशी स्पॅममध्ये सापडली, तीही पंधरा दिवसांनी. दिवाळीआधी रस्त्यावरची पाटी नव्याने रंगवायची आहे, तर त्याआधी नवा मेल पत्ता काढावा का, असं तुम्ही विचारता.

नको. निदान आत्ता नको. जुन्या पाहुण्यांच्या फोनमध्ये हाच पत्ता आहे, गूगल मॅप्सवर हाच आहे, बुकिंग पोर्टलवर हाच आहे. नवा काढलात तर माणसं जुन्यावरच लिहीत राहतील आणि स्पॅमवाले सहा महिन्यांत नव्यावर पोचतील. मी वीसेक वर्षं पुण्यात लहान-मोठ्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतोय. कंटाळून पत्ता बदललेल्यांपैकी बरेचजण वर्षभरात त्याच तक्रारीसह परत आले.

तुम्ही ज्याला एक त्रास म्हणता, ते तीन वेगळे त्रास आहेत. नुसता कचरा येतो, हा पहिला. खरी मेल कचऱ्यात जाते, हा दुसरा. आणि त्या शे-सव्वाशेत एखादी मेल सोंग घेऊन आलेली असते, हा तिसरा. तुम्ही चिडला आहात पहिल्यावर. पैसे जातात ते दुसऱ्या आणि तिसऱ्याने. म्हणून मी सुरुवात दुसऱ्यापासून करतो.

ती हरवलेली चौकशी तुम्ही स्पॅममधून बाहेर काढली असेल, तर अजून इनबॉक्समध्ये असेल. (नसती काढली तर जीमेलने तीस दिवसांनी ती आपोआप पुसली असती. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) ती कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ दाबा. वरती एक छोटा तक्ता येईल. त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल लिहिलेलं असतं. तुमच्याकडे तिथे फेल दिसेल असा माझा अंदाज आहे. कारणही सांगतो.

ईमेल ज्या नियमांवर चालते, ते 1982 साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे ‘प्रेषक’ या रकान्यात कोणीही काहीही लिहावं, विचारणारं कोणी नव्हतं. टपालाच्या पाकिटावर मागच्या बाजूला मी तुमचं नाव घातलं तर पोस्टमन कुठे अडवतो? तसंच. ही फट बुजवायला पुढे तीन ठिगळं आली. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी: आमच्या नावाची पत्रं फक्त या या सर्व्हरवरून निघतात. डीकिम म्हणजे लाखेची मोहोर: वाटेत मजकूर बदलला तर मोहोर तुटते. डीमार्क म्हणजे मालकाने पलीकडच्या पोस्टाला दिलेली सूचना: दोन्ही खुणा पटल्या नाहीत तर पत्राचं काय करायचं, असंच द्यायचं, बाजूला टाकायचं की परत फिरवायचं.

आता तुमचा फॉर्म. पाहुणा त्यात आपलं नाव आणि जीमेलचा पत्ता भरतो. स्वस्तात बनवलेल्या बऱ्याच साइटींवर फॉर्म काय करतो, तर तुम्हाला जी मेल पाठवतो तिच्यावर प्रेषक म्हणून त्या पाहुण्याचाच पत्ता चिकटवतो. हेतू भला असतो, की तुम्ही ‘रिप्लाय’ दाबलं तर थेट पाहुण्याला जावं. पण गूगलच्या नजरेतून बघा. कुठल्याशा होस्टिंग सर्व्हरवरून, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवरून, मेल येते आणि म्हणते, ‘मी जीमेलवाल्या अमक्याची.’ ते पत्र गूगलच्या घरातून निघालेलंच नाही, हे गूगलला माहीत आहे. म्हणजे दारात उभा असलेला माणूस तुम्हालाच सांगतोय की मी तुमचा मुलगा. अशी मेल स्पॅममध्ये गेली नाही तरच आश्चर्य. पाहुण्याने याहूचा पत्ता भरला असेल तर गत आणखी वाईट. आमच्या नावाने दुसरीकडून आलेली मेल नाकारा, अशी सूचना याहूने 2014 च्या एप्रिलमध्येच लावून ठेवली आहे. ती चौकशी तुमच्या स्पॅममध्येसुद्धा सापडणार नाही.

इलाज वेबसाइटवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला सांगा: प्रेषकाच्या जागी आपल्याच डोमेनचा पत्ता, ‘चौकशी@’ वगैरे, आणि पाहुण्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. शिवाय फॉर्मवरून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या विषयात एक ठरावीक खूण असू दे, जी दुसरं कोणी सहसा लिहिणार नाही. घराचं नाव आणि ‘फॉर्म’ हा शब्द जोडून लिहिला तरी चालेल. मग जीमेलमध्ये त्या खुणेवर फिल्टर लावा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक करा. फिल्टर नुसत्या ‘बुकिंग’ या शब्दावर लावू नका. भामट्यांनाही तो शब्द येतो, आणि तुम्ही त्यांच्यासाठी दार उघडं टाकून बसाल.

फॉरवर्डचं दुखणंही याच कुळातलं. मुंबईच्या एखाद्या कंपनीतून सहलीची चौकशी आली, ती आधी तुमच्या होस्टिंगवर उतरली आणि तिथून जीमेलकडे गेली. जीमेलला ती तुमच्या होस्टिंगच्या हातून मिळते, आणि त्या कंपनीच्या यादीत तुमचं होस्टिंग कुठून असणार? एसपीएफ फेल. मोहोर शाबूत असेल तर निभावतं, नसेल तर गेली. त्यात तुमचं होस्टिंग दिवसाला शंभर स्पॅमही पुढे ढकलतंय. जीमेलच्या लेखी तो सर्व्हरच स्पॅम पाठवणारा ठरतो आणि त्याच्यावरून येणाऱ्या चांगल्या मेलचीही पत जाते. जमल्यास फॉरवर्ड बंद करा आणि डोमेनच्या मेलसाठी चांगल्या कंपनीची स्वतंत्र मेलबॉक्स घ्या. पाच खोल्यांच्या धंद्याला एक मेलबॉक्स पुरते आणि तिचा वर्षाचा खर्च हंगामातल्या एका रात्रीच्या भाड्यात भागावा. ते नको असेल तर होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन निदान तिथला स्पॅम फिल्टर चालू करा आणि गाळलेलीच मेल पुढे जाऊ द्या.

एवढं झालं तरी सोमवारी सकाळी चहा होईपर्यंत स्पॅमचं फोल्डर वरून खाली एकदा चाळायचं. ही सवय कायमची. खरी मेल सापडली तर तिथूनच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, ‘नॉट स्पॅम’ दाबायचं. फिल्टर त्यातूनच शिकतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याचा फिल्टर मी हौसेने फार कडक केला होता. मालक खूश, कचरा शून्य. तीन आठवड्यांनी कळलं की एका निविदेच्या खुलाशाची मेल त्यातच अडकून पडली आणि मुदत उलटून गेली. इनबॉक्समध्ये दोन-चार स्पॅम दिसतात तोवर फिल्टर ठीक चाललाय असं मी तेव्हापासून समजतो.

आता भाचा आणि वेबसाइटवाला यांचं भांडण. दोघंही अर्धे बरोबर आहेत. एकच गोष्ट बघायची: या पाठवणाऱ्याशी तुमचा कधी व्यवहार झाला होता का? गाद्या घेतल्या, विमा काढला, पोर्टलवर खातं उघडलं, तर त्यांची जाहिरात ही आगंतुक असली तरी ओळखीतली. तिथे अनसबस्क्राइब जरूर करा. फक्त मेलच्या तळाशी असलेल्या लिंकवरून नाही, तर जीमेल स्वतः वर प्रेषकाच्या नावाशेजारी जे बटण दाखवतं त्यावरून. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम घातले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला वर सांगितलेल्या तिन्ही खुणा लागतात, जाहिरातीच्या मेलला एका टिचकीत नाव काढण्याची सोय लागते आणि ती विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. आणि ज्यांना मेल पोचली त्यांच्यातल्या हजारी तीन जणांनी ‘स्पॅम’ म्हटलं तर पाठवणाऱ्याची धडगत नाही. हजारी तीन! म्हणजे तुमच्या बोटाला वाटतं त्यापेक्षा बरंच वजन आहे.

ज्याचं नावच कधी ऐकलं नाही, कर्ज देतो, वेबसाइट पहिल्या पानावर आणतो, चीनमधून एलईडी दिवे पाठवतो, त्याला अनसबस्क्राइब करायचं नाही. तिथे भाचा बरोबर. त्या लिंकवर टिचकी मारली की पलीकडे नोंद होते की या पत्त्यावर जिवंत माणूस आहे. न उघडता निवडायची आणि ‘रिपोर्ट स्पॅम’. नुसतं डिलीट केलंत तर फिल्टरला काहीच कळत नाही. ‘ब्लॉक’चाही फारसा उपयोग नाही, कारण हे लोक दर खेपेला नवा पत्ता लावून येतात. रागावून उत्तर तर मुळीच लिहू नका. (लिहिणारे आहेत. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून परत पाठवली होती.)

उलटही लक्षात ठेवा: हवी असलेली मेल कंटाळ्याने स्पॅम ठरवू नका. एका सोसायटीत चार सभासद देखभाल शुल्काच्या स्मरणपत्राला दर महिन्याला स्पॅम म्हणत होते. शेवटी सेक्रेटरींची वार्षिक सभेची सूचनाही अख्ख्या सोसायटीच्या स्पॅममध्ये गेली आणि सभेला गणपूर्ती झाली नाही.

हा कचरा येतो कुठून? ‘इन्फो@’ हा पत्ता तुम्ही कुठेही छापला नसता तरी आला असता. डोमेन दिसलं की त्याच्यापुढे इन्फो, सेल्स, ॲडमिन लावून बघणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. तुमचा तर साइटवर उघडा लिहिलेला आहे, म्हणजे अंदाजाचीही गरज नाही. तिसरी वाट गळतीची: तुम्ही जिथे खातं उघडलं त्या साइटचा डेटा चोरीला गेला की पत्ता बाजारात. ‘हॅव आय बीन पॉन्ड’ या साइटवर आपला पत्ता घालून बघा, कुठल्या गळतीत तो होता ते कळतं.

पाठवणाऱ्याला खर्च जवळजवळ नाही, म्हणून हे थांबत नाही. 3 मे 1978 रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने त्या वेळच्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, सुमारे चारशे जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकदम पाठवली, ती यातली पहिली मानतात. लोक भडकले, पण त्याचा माल खपला म्हणे. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली आणि जगातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आला. आमच्या सर्व्हरचा आलेख त्या दिवशी इतका खाली गेला की आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटलं. काही महिन्यांत सगळं पूर्ववत. त्यामुळे ‘कायमचा बंद करून देतो’ म्हणणाऱ्या ॲपवर पैसे घालू नका. त्यातली काही ॲप तुमच्या सगळ्या मेलबॉक्सची परवानगी मागतात. हे म्हणजे उंदरांसाठी बोका आणायचा आणि दुधाच्या कपाटाची किल्ली त्यालाच द्यायची.

पत्ता बदलण्याऐवजी पत्ते वाटून घ्या. डोमेन तुमचं आहे, वेगळी नावं काढायला पैसे पडत नाहीत: पोर्टलसाठी एक, विजेचं बिल आणि बँकेसाठी एक, दुकानं नि खरेदीसाठी एक. सगळी एकाच मेलबॉक्समध्ये उतरू देत. खरेदीच्या पत्त्यावर उद्या कर्जाच्या मेल यायला लागल्या, तर तेवढाच बंद करायचा. बँकेचा पत्ता कुठेही छापायचा नाही, पाहुण्यांना द्यायचा नाही. मग ‘इन्फो@’वर बँकेची म्हणून काही आलं की न वाचताच कळेल, हे खोटं. साध्या जीमेलवरही नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडून हे करता येतं, पण काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत आणि हुशार स्पॅमवाला तेवढा तुकडा कापून टाकतो. डोमेनवर ‘कॅच-ऑल’ चालू असेल तर आजच बंद करा. तुमच्या डोमेनपुढे काहीही लिहिलं तरी मेल घेणारी ती सोय म्हणजे अंदाजाने पाठवणाऱ्यांना आमंत्रण.

तुमच्या डोमेनच्या नावाने दुसरं कोणी मेल पाठवू नये म्हणून त्या तीन खुणा तुमच्याही डोमेनवर हव्यात. वेबसाइटवाल्याला विचारा. डीमार्क आधी नुसत्या पाहणीवर ठेवायला सांगा, महिनाभर अहवाल बघू दे, मगच कडक करू दे. पहिल्याच दिवशी नकारावर लावलं तर तुमचीच पावतीची मेल पाहुण्यांना पोचायची नाही.

आता सोंगाडी मेल. तुमच्या धंद्यावर बेतलेलंच एक सोंग आहे. नावाजलेल्या बुकिंग पोर्टलच्या नावाने मेल येते: पाहुण्याने तक्रार केली आहे, किंवा वाईट अभिप्राय लिहिला आहे, उत्तर द्या नाहीतर खातं गोठेल. लिंक उघडली की ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारणारं पान येतं आणि ते सांगतं: कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा त्याने चालते, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने व्हायरस चालवलेला असतो. हॉटेलवाल्यांना गाठणाऱ्या या प्रकाराबद्दल मायक्रोसॉफ्टने मार्च 2025 मध्ये सावध केलं होतं. मे-डिसेंबरच्या गर्दीत, खोल्या भरलेल्या असताना, वाईट अभिप्राय म्हटलं की छातीत धस्स होतं आणि हात आपोआप लिंककडे जातो. त्यावर माझा एकच नियम: पोर्टलचं काम पोर्टलच्या ॲपमध्ये जाऊनच करायचं, मेलमधून कधीच नाही. तक्रार खरी असेल तर ती तिथेही दिसते.

लिंक बघायचीच झाली तर डोमेन उजवीकडून वाचा. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या, की खरी ओळख त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच डावीकडे असते, त्याआधी बँकेचं नाव कितीही वेळा आलं तरी त्याला अर्थ नाही. आयकर, जीएसटी ही ‘डॉट गव्ह डॉट इन’वर संपतात. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत घालून बँकांच्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला लावल्या, ते तर फारच सोयीचं झालं, कारण तो शेवट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. आणि तिन्ही खुणा पास झाल्या म्हणजे माणूस सज्जन असंही नाही. भामटा स्वतःचं डोमेन विकत घेऊन तिन्ही खुणा नीट लावतो. मोहोर खरी असते, आत लिहिलेलं खोटं असतं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा, नंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार. इथे तासाने फरक पडतो.

आणखी एक प्रकार सांगून ठेवतो. नाशिकच्या एका ग्राहकाचा रात्री दहाला फोन आला: तासाभरात दोन हजारांवर मेल आल्या, सगळ्या ‘सदस्यत्वाबद्दल धन्यवाद’च्या, जगभरच्या भाषांतल्या. ते बिचारे निवडून-निवडून पुसत बसले होते. मी म्हटलं, पुसणं थांबवा आणि कार्डाचा हिशोब बघा. त्यांच्या कार्डावर कुणीतरी महागडे फोन मागवले होते, आणि दुकानाची पावती त्या दोन हजारांच्या ढिगाखाली दडवली होती. तो ढीग त्यासाठीच ओतला होता. कार्ड बंद केलं, ऑर्डर निघायच्या आत रद्द झाली. तुमच्याकडे कधी असा एकाएकी महापूर आला तर आधी बँक, आधी पोर्टल, मग झाडलोट. पाठोपाठ सेटिंगमध्ये जाऊन बघा की तुम्ही न लावलेला एखादा फिल्टर किंवा फॉरवर्ड तिथे बसलाय का. खात्यात घुसलेला माणूस पासवर्ड बदलल्यावरही तेवढी खिडकी उघडी ठेवून जातो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर दुसरी खातरजमा मागणारी सोय, चालू नसेल तर हे उत्तर अर्धवट सोडून आधी ते करा.

राहिली पाटी. पेंटरला बोलावलंच असेल तर त्याला परत पाठवू नका. रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी थांबवून मेल लिहीत नाही. पाटीवरचा मेल पत्ता पुसून त्या जागी फोन नंबर दुप्पट मोठा काढून घ्या.